भृंगराज काय बोलला

आधीच सांगते. हे वाचून कुणी मला "ताई, शांती करून घ्या" असं लिहिणार असेल, तर त्यानं इथेच थांबावं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही... कधीच नव्हता. आमचं घर सुलतानपूरचं, लोणार तालुक्यातलं. आम्ही बौद्ध. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. शेजारच्या एका बाईच्या अंगात यायचं, तर तिला बाजेवर आडवं करून लिंबू-साखरेचं पाणी पाजणारा माणूस तो. "आधी जेवली का ते विचारा," म्हणायचे. मी त्याच घरात वाढले. त्यामुळे जे झालं ते सांगताना मला लाज वाटते, आणि लाजेपेक्षा जास्त राग येतो. कुणाचा, ते कळेलच.

मी पक्ष्यांवर संशोधन करते. पक्ष्यांची गाणी हा माझा विषय. आपल्या बुलढाणा जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा — वर सातपुडा, खाली अजिंठ्याचे डोंगर, आणि मधे पूर्णेचं काळ्या मातीचं सपाट खोरं. जंगलातला चिमुकला पक्षी हे उघडं खोरं सहसा ओलांडत नाही. त्यामुळे एकाच जातीचे पक्षी दोन्हीकडे पिढ्यान् पिढ्या वेगवेगळे राहतात आणि हळूहळू त्यांची गाणीही वेगळी होत जातात. पुढे कधीतरी ते एकमेकांना ओळखेनासे होतात. उष्ण कटिबंधात पक्ष्यांच्या इतक्या जाती कशा झाल्या, या अवाढव्य प्रश्नाचा आमच्या वाट्याला आलेला हा छोटासा तुकडा होता. पक्षी होता निळा माशीमार. मी अजिंठ्याची बाजू करायचे आणि निलिमा सातपुड्याची.

निलिमा माझी मैत्रीण, माझ्याच बरोबरीची संशोधक. सोनाळ्याची. वडील लहानपणीच गेले, आई अंगणवाडी सेविका. बोलायला फटकळ, हसायला मोठी, आणि कान असा की मी अजून तसा दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. आमचे प्रमुख — त्यांना मी नुसतं 'सर' म्हणेन, नाव घ्यायची इच्छा नाही — मीटिंगमध्ये तिला सगळ्यांसमोर थांबवायचे. "पानी नाही, पाणी. काऊन नाही, का." लोक हसायचे. निलिमाही हसायची. पण नंतर सरांशी बोलताना ती एक-एक शब्द जपून, पुस्तकासारखा बोलायची. मला ते बघवायचं नाही.

आणि ती गेली. मे महिन्यात, सातपुड्यातल्या अंबाबरव्याच्या जंगलात. माशीमार उन्हाळ्यात गातो म्हणून आम्हाला उन्हाळ्यातच काम करावं लागतं. पहाटे जीप तिला सोडून जंगलाच्या नाक्यावर थांबायची, ऊन चढायच्या आत घ्यायला यायची. त्या दिवशी जीप आलीच नाही. संध्याकाळी वनखात्याची माणसं शोधायला गेली तेव्हा ती एका टेकाडावर, सालईच्या झाडाखाली सापडली. उष्माघात. तिच्या फोनवरून सरांना एक कॉल लागलेला होता, थोडाच वेळ. त्या जंगलात रेंज मिळते ती फक्त त्या टेकाडावर, म्हणूनच ती तिथवर गेली असणार. सर म्हणाले, "कॉल आला होता, पण नुसती खरखर. काहीही ऐकू आलं नाही."

संस्थेनं चौकशी समिती नेमली. समितीनं लिहिलं — संशोधिकेने गाडी स्वतःच परत पाठवली, नियम डावलून जंगलात थांबली, निष्काळजीपणा. बस्स. एका माणसाचा निकाल एका वाक्यात. त्यानंतर आमचा शोधनिबंध निघाला तेव्हा लेखकांत सर पहिले, आणि निलिमा कुठे? शेवटी, आभारात. 'दिवंगत क्षेत्र-सहायक.' सहायक! सातपुड्याकडचं एकूण एक गाणं तिनं रेकॉर्ड केलेलं होतं. मी भांडले, मेल केले, ओरडले. मला सांगण्यात आलं की मी भावनेच्या भरात आहे.

सोनाळ्यात तिच्या आईला लोक काय म्हणत असतील, विचार करा. "पोरगी हट्टीच होती." काकूंनी ते ऐकून घेतलं. मी भेटायला गेले की चहा करायच्या आणि ओट्यावर माझ्यासमोर गप्प बसायच्या.

पुढच्या हिवाळ्यात एकदा त्या अचानक म्हणाल्या, "सुजाता, मले थे जागा दाखव."

"काकू, कशाला त्रास करून घेता?"

"मी माय हाव तिची. लोकायनं जागा पाह्यली, पोलिसायनं पाह्यली. मीच नाई पाह्यली."

वनखात्याची परवानगी काढली आणि एका सकाळी आम्ही निघालो. मी, काकू आणि एक वनरक्षक. उन्हं नुकती झाडांत उतरलेली, हवेत गारवा, सागाची पानं पायाखाली मोडत होती. मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टींत नेहमी अमावस्या असते आणि कुत्री रडत असतात. इथे तसलं काही नव्हतं. स्वच्छ, सुंदर सकाळ होती. सवयीनं मी रेकॉर्डर गळ्यात अडकवून चालू केला होता.

टेकाडावर सालईचं झाड मी ओळखलं. वनरक्षक आम्हाला एकटं सोडून जरा खाली दगडावर जाऊन बसला. काकू झाडापाशी गेल्या, खोडावर हात ठेवला, आणि तशाच उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. पदरानं खोडाची धूळ पुसली. खोडाची धूळ... मला तिथे उभं राहवेना. मी तोंड फिरवून झाडं बघत राहिले.

तेवढ्यात भृंगराज आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — कोतवालाच्या जातीचा, काळाकुळकुळीत, शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला पिसांचे झुपके. पट्टीचा नकलाकार. शिक्र्या ससाण्याची किंकाळी, सातभाई पक्ष्यांचा कलकलाट, मांजर, शिट्टी... काहीही काढतो. आम्हाला त्याची फार कटकट, कारण माशीमाराचं सुंदर रेकॉर्डिंग घेऊन यावं आणि नंतर कळावं की अर्धं गाणं या महाशयांचं आहे. निलिमा त्याला शिव्या घालायची.

तो समोरच्या फांदीवर बसला आणि नेहमीसारखा सुरू झाला. आधी शिक्रा. मग सातभाई. मग त्याची स्वतःची धातूसारखी शीळ. मग थोडा थांबला.

आणि मग ते आलं.

"सर, गाडी वापस काऊन नेली? पाय टेकवत नाई मले..."

मी शब्द न् शब्द तसाच लिहिते आहे. पक्ष्याच्या गळ्यातून येतो तसा तो आवाज जरा पातळ होता, पण निलिमाचा होता. शेवटचा शब्द ओढायची तिची लकब, दम लागलेला... आणि वऱ्हाडी. सरांशी ती कधीही बोलायची नाही ती तिची स्वतःची भाषा. पक्षी पुन्हा तेच बोलला. मग शिक्र्याची किंकाळी काढली आणि उडून गेला.

मी काकूंकडे पाहिलं. त्यांचा हात अजून खोडावरच होता. तोंड उघडं. मग त्यांनी त्या रिकाम्या फांदीकडे बघून हाक मारली, "निलू... येऊन राह्यलो वं माय, येऊन राह्यलो..."

ते मी विसरू शकत नाही. बाकी सगळं एक वेळ विसरेन.

काकूंना खाली बसवलं, पाणी दिलं. आणि त्या वेळी मी जे केलं ते माझ्या शिक्षणानं माझ्याकडून करवून घेतलं. मी काय ऐकलं हे मी त्यांना सांगितलंच नाही. म्हटलं, "काकू, तुम्हाला काय ऐकू आलं, ते आधी तुम्ही सांगा. मी मधे बोलणार नाही."

काकू म्हणाल्या, "गाडी वापस काऊन नेली म्हणे. पाय टेकवत नाई म्हणे." मग माझा हात घट्ट धरला. "सुजाता, तिचा पाय सुजेल होता वं. घोट्यापाशी. आंघोळ घातली तवा म्या पाह्यला. एवढा!"

"काकू, हे तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"पुसलं कोणी मले? तुमच्या समितीनं पुसलं? साहेब आले, चटईवर बसले, पोरगी हुशार होती म्हणे, चहा पिऊन गेले. मले कोणीच काई पुसलं नाई!"

त्या पहिल्यांदा ओरडल्या. खालून वनरक्षक धावत आला. मी त्याला विचारलं, "दादा, आत्ता काही ऐकलं का तुम्ही?" तो म्हणाला, "पाखरू वरडून राह्यलं होतं ना. अन् काकू वरडल्या. का झालं?"

घरी येऊन मी रेकॉर्डिंग ऐकलं. हेडफोन लावून, आवाजाचा आलेख काढून. शिक्रा आहे, सातभाई आहेत, शीळ आहे. मग जिथे ते वाक्य असायला हवं होतं तिथे... भृंगराजाची साधी शीळ. दोनदा. त्यानंतर काकूंची हाक, स्पष्ट. माणसाच्या बोलण्यासारखं त्या शिळेत काहीही नाही. सहकाऱ्यांना ऐकवलं, कशासाठी ते न सांगता. सगळे म्हणाले, "भृंगराज आहे, छान आलाय."

तर्क मलाही येतात हो. निलिमाचा आवाज मी तिच्या रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला शेकडो वेळा ऐकलेला, ती जागेचं नाव सांगायची ना, तो कानात बसला असेल. दोन दुःखी बायका, शिळेत शब्द ऐकू आले असतील. पायाचं काकूंना माहीत होतं, ठीक. पण मला माहीत नव्हतं. आणि जीप कुणी 'नेली' हे तर आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. आम्हाला सांगितलं होतं की तिनं ती स्वतः परत पाठवली!

सुलतानपूरला गेले तेव्हा बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तू म्हणतेस ऐकलं. मशीन म्हणतं नाही. मग काय लिहिशील?"

"दोन्ही लिहीन."

"लिही. पण आधी त्या माणसाला विचार."

त्यासाठी फार थांबावं लागलं नाही. बुलढाण्यात एका कॉलेजमध्ये सरांचं व्याख्यान होतं, उष्ण कटिबंधातल्या पक्ष्यांची उत्क्रांती आणि विविधता यावर. मी मागे बसले. सरांनी पूर्णेचं खोरं दाखवलं, 'आमची टीम' म्हणाले, 'माझ्या लक्षात आलं' म्हणाले. मग माशीमाराची दोन गाणी वाजवली. एक माझ्या बाजूचं, एक सातपुड्याचं. सातपुड्याचं गाणं निलिमाचं होतं, मी झोपेत ओळखेन. त्याच्या सुरुवातीला तिचा आवाज आहे, "निलिमा, सोनाळ्याच्या वर, नाल्याकाठी." तो त्यांनी कापून टाकला होता. सरळ पक्ष्यापासून सुरू. मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातातला पेन मोडला, खोटं नाही सांगत.

कार्यक्रम संपल्यावर सर बाहेर पोर्चमध्ये चहाचा कप घेऊन उभे होते. मी जवळ गेले.

"अरे सुजाता! कशी झाली टॉक?"

मी नमस्कार केला नाही. म्हटलं, "सर, निलिमाचा शेवटचा कॉल तुम्हाला आला. त्यात ती काय म्हणाली ते मला माहीत आहे."

ते हसले. "अगं, मी सांगितलंय ना तेव्हाच. नुसती खरखर..."

"सर, गाडी वापस काऊन नेली? पाय टेकवत नाई मले."

मी तसंच म्हटलं. तिच्याच शब्दांत, तिच्याच ओढीत.

माणसाचा चेहरा उतरतो असं आपण नुसतं म्हणतो. मी तो उतरताना बघितला. इकडे तिकडे पाहून हळू आवाजात सर म्हणाले, "तिनं कॉल रेकॉर्ड केला होता?"

मी काहीच बोलले नाही. खरं सांगायचं तर मला बोलताच येत नव्हतं. माझं गप्प राहणं त्यांनी होकार धरलं.

"हे बघ," ते भराभरा बोलायला लागले, "गेस्ट एकाच दिवसासाठी आले होते. त्यांना लोणार बघायचं होतं. दुसरी गाडी मिळाली नाही. गाडी नेली हे सांगितलं ना मी तिला फोनवर, मला वाटलं, ती बसेल सावलीत संध्याकाळपर्यंत. ती काय नवीन होती का जंगलाला? एवढं ऊन..." आणि थांबले. आपण काय बोलून बसलो ते तेव्हा त्यांना कळलं.

लोणार. माझं लोणार. आमच्या गावावरून गेली असणार ती जीप. सरोवराच्या काठावर फोटो काढले असतील, जेवले असतील. आणि ती सालईखाली, त्या गाडीची वाट बघत...

मी तिथे किंचाळले. काय काय म्हणाले ते इथे लिहिता येणार नाही. प्राचार्य बाहेर आले, शिपाई आला. मला हाताला धरून गेटबाहेर काढलं, तरी मी बोलतच होते.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरला गाठलं. संग्रामपूरचा साधा माणूस. लोणार म्हटल्याबरोबर मान खाली घातली. "म्याडम, साहेबायनं फोन केला, वापस ये म्हणे. म्या इचारलं, निलिमा म्याडमचं काय? तर म्हणे, तिले इचारलं, तिचाच होकार हाय. मंग मी काय करू? नंतर म्हणे, तिनंच पाठवली म्हून सांग, नाई तर तुह्यावरच येईन."

त्यानं तसा जबाब दिला, काकूंनी पायाचं सांगितलं. प्रकरण पुन्हा उघडलं. समितीनं मला विचारलं, कॉलमधलं बोलणं तुम्हाला कुठून समजलं? मी बाबांना दिलेला शब्द पाळला. जे ऐकलं ते सांगितलं, आणि मशीनमध्ये काय आहे तेही. समोरच्या एका बाईंनी चष्मा काढून पुसला, एक गृहस्थ हसू दाबत होते. ते त्यांनी लिहून घेतलं नाही. बाकीचं घेतलं.

निष्काळजीपणाचं ते वाक्य अहवालातून निघालं. शोधनिबंधात निलिमाचं नाव आता पहिलं आहे, सोनाळ्यात काकूंनी ते पान मला मोठ्यानं वाचून दाखवायला लावलं, शेजारच्या बायकांना मुद्दाम बोलावून. आणि सर? सरांनी 'प्रकृतीच्या कारणानं' पद सोडलं. निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. पोलिसात दिलेला अर्ज अजून तिथेच आहे. मी विचारायला जाते, ते बसा म्हणतात.

मधे एक यूट्यूबवाला काकूंच्या दारात आला होता. 'मृत मुलीचा आत्मा पक्ष्यात' असा व्हिडिओ करायचा म्हणे, टेकाडावर जाऊन अगरबत्ती लावायची. काकूंनी त्याला ओट्यावरून खाली उतरवलं. "माही पोरगी पाखरू नाई झाली बे. माह्या पोरीले मारलं. थे दाखव तुह्या टीव्हीत." त्याला ते नको होतं.

त्या टेकाडावर मी नंतर कितीतरी वेळा गेले. सकाळी, उन्हाळ्यात, पावसाळ्यात. चांगलं मशीन घेऊन गेले. भृंगराज भेटतो. शिक्रा काढतो, सातभाई काढतो, एकदा वनरक्षकाच्या मोबाइलची रिंगटोन काढली. ते वाक्य पुन्हा कधीच नाही. एखाद्या पक्ष्यानं एकदाच ऐकलेलं माणसाचं अख्खं वाक्य महिनोन् महिने जपून ठेवावं, हे माझ्या शास्त्रात बसत नाही. ते दोघींना ऐकू यावं आणि तिसऱ्याला नाही, मशीनला नाही, हे तर कशातच बसत नाही. माझ्याकडे उत्तर नाही. असल्याचं सोंगही मी करणार नाही.

लोक मला विचारतात, तो पक्षी का बोलला असेल? मला हा प्रश्नच सहन होत नाही. त्या दिवशी फोनवर सर होते. जीपमध्ये ड्रायव्हर होता, मागच्या सीटवर शिकलेसवरलेले गेस्ट होते. ही गाडी कुणाची, कुणाला आणायला जायची होती, हे त्यांतल्या एकानंही विचारलं नाही. नंतर समिती बसली, तिथेही सगळे गप्प. एवढ्या सगळ्यांना तोंडं होती. बोलायची वेळ त्या पाखरावर का आली, ते विचारा.